स्वतःची आणेवारी

भाद्रपद सरत आला आणि शहापूर-मुरबाडच्या खाचरांतून हळव्या भाताच्या लोंब्या वाकू लागल्या, म्हणजे गावोगावी एक प्रश्न हटकून कानी पडतो : यंदा पीक किती आणे? रुपयाचे सोळा आणे व्यवहारातून जाऊन पुष्कळ वर्षे लोटली, आणि सरकारी कागदांवर आता 'पैसेवारी' हा शब्द आला. तथापि वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून 'आणेवारी' हाच शब्द आहे. ती ठरविण्याची रीत आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. प्रथम बांधावर उभे राहून नुसत्या नजरेने अंदाज बांधतात. तिला नजर आणेवारी म्हणतात. परंतु त्या अंदाजावर कोणी शेवटचा शिक्का मारीत नाही. पुढे पीक तयार झाले म्हणजे निवडलेल्या शेतांत ठराविक मापाचा तुकडा आखून घेतात, त्यातील भात कापतात, झोडतात, आणि वजन करितात. मग अंतिम आकडा जाहीर होतो. तो पन्नास पैशांच्या खाली उतरला की गाव टंचाईच्या सवलतींकडे डोळे लावून बसते. यावरून त्या आकड्याचे महत्त्व ध्यानी यावे.

एवढा खटाटोप कशासाठी? ज्यांचा जन्म शेतात गेला त्यांची नजर काय कच्ची असते? तसे नाही. पण हिरवेगार डोलणारे शेत कधी कधी आतून फोल निघते, आणि पिवळट, निस्तेज दिसणाऱ्या खाचरात दाणा टच्च भरलेला असतो. हे अनुभवी शेतकऱ्यास ठाऊक असते. म्हणूनच तो नजरेचा अंदाज सांगतो खरा, पण खळ्यावर माप पडेपर्यंत त्यावर देणेघेणे ठरवीत नाही.

आता आमचा प्रश्न असा की, जी सावधगिरी आपण भाताविषयी बाळगतो, ती स्वतःविषयी कितीजण बाळगतो? 'मला गणित येते', 'मला इंग्रजी जमायचे नाही', 'माझा आवाज चांगला आहे', 'आमच्या मुलीचे डोके शाळेत चालत नाही' : ही वाक्ये आपण दिवसातून किती वेळा बोलतो! यांतील प्रत्येक वाक्य ही एक आणेवारीच आहे. पण ती बहुधा बांधावरून केलेली असते. शेतात कोणी उतरलेले नसते, विळा कोणी लावलेला नसतो. आणि तरी त्या अंदाजावर आपण आयुष्याचे मोठमोठे सौदे करून मोकळे होतो.

आमच्याकडे या विषयाचा विचार नेहमी नीतीच्या अंगाने होतो. जो स्वतःस फार समजतो तो गर्विष्ठ, आणि जो स्वतःस कमी समजतो तो नम्र, अशी आपली ठरलेली वाटणी आहे. पहिल्याला आपण दटावितो आणि दुसऱ्याची पाठ थोपटतो. आमच्या मते या वाटणीत मोठीच गफलत आहे. वर्गातील एक मुलगा म्हणतो, 'मला पंच्याऐंशी गुण पडतील'. दुसरा म्हणतो, 'मी नापासच होणार.' दोघांसही साठ गुण पडले, तर चूक दोघांचीही पंचवीसच्या आसपास आहे. एकाने जास्त सांगितले, दुसऱ्याने कमी सांगितले. पण वजन दोघांनीही केले नव्हते. खोट्या तराजूत वर गेलेले पारडे जितके खोटे, तितकेच खाली गेलेलेही खोटे. तेव्हा हा प्रश्न मुळात गर्वाचा किंवा नम्रतेचा नसून मापाचा आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

माप हाती नसले म्हणजे माणूस कोणत्या थरास जाऊ शकतो, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९५ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी एका इसमाने दिवसाढवळ्या दोन बँकांवर दरोडा घातला. तोंडावर बुरखा नाही, काही नाही. बँकेतील कॅमेऱ्यांनी त्याचे चित्र टिपले आणि पोलिसांनी त्यास पकडले, तेव्हा तो चकित झाला. त्याने तोंडाला लिंबाचा रस चोळला होता! लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरे कागदावर दिसत नाहीत, हे आमच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पाहिलेच आहे. त्या गृहस्थाने त्यावरून असा सिद्धान्त काढला की, रस चोळलेला चेहराही कॅमेऱ्यास दिसणार नाही.

या हकीकतीवर जग हसले. परंतु कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तिजवरून एक गंभीर प्रश्न उभा केला. ज्यास एखादी गोष्ट येत नाही, त्यास ती आपल्याला येत नाही हे तरी कशाने कळावे? व्याकरणाचे वाक्य शुद्ध आहे की नाही हे ओळखावयास व्याकरणच यावे लागते. ज्यापाशी ते नाही, त्यापाशी आपली चूक दाखविणारा आरसाही नाही. त्यांनी विद्यार्थ्यांच्या तर्कशास्त्र, व्याकरण आणि विनोदाची पारख अशा परीक्षा घेतल्या, आणि प्रत्येकास स्वतःचा क्रम अंदाजाने सांगावयास लाविले. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभर जणांची रांग कल्पिली, तर तळच्या चौथ्या हिश्श्यातील विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरीने बाराव्या जागी होते. पण ते स्वतःस बासष्टाव्या जागी समजत होते. उलट जे अग्रभागी होते, त्यांनी आपली जागा खरीपेक्षा खालची सांगितली. कारण आपल्याला जे सोपे गेले ते सर्वांनाच सोपे गेले असेल, असे त्यांस वाटले.

येथपर्यंतची गोष्ट आता सर्वत्र पसरली आहे, आणि 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही आपली म्हण शास्त्राने सिद्ध झाली, असे पुष्कळजण आनंदाने सांगतात. मौज अशी की, ही म्हण उच्चारणारा प्रत्येकजण ती शेजाऱ्याविषयी उच्चारतो! परंतु याच प्रयोगातील दोन गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, हुशार विद्यार्थ्यांस इतरांच्या उत्तरपत्रिका पाहावयास दिल्या, तेव्हा त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज सुधारला. दुसरी याहून महत्त्वाची. तळच्या विद्यार्थ्यांस तर्कशास्त्राचे थोडेसे शिक्षण दिले, तेव्हा त्यांस आपल्या आधीच्या चुका आपोआप दिसू लागल्या आणि त्यांचा अंदाज खऱ्याच्या जवळ आला. म्हणजे हा काही जन्मजात दोष नव्हे. विषय शिकणे आणि स्वतःची पारख शिकणे ही एकच गोष्ट आहे.

शास्त्राचा मार्ग असा की, तेथे कोणाचाही शब्द अखेरचा नसतो. पुढे एडवर्ड नूफर आदी संशोधकांनी २०१६ व २०१७ साली असे दाखविले की, कोणतेही मनाने काढलेले आकडे घेतले तरी तशाच आकाराचा आलेख निघू शकतो. जो अगदी तळाशी आहे त्याचा अंदाज चुकला तर तो वरच्याच बाजूस चुकण्यास अधिक वाव असतो, आणि जो शिखरावर आहे त्याचा खालच्या बाजूस. यात मनोवृत्तीपेक्षा गणिताचा भाग पुष्कळ आहे. त्यांच्या मोजणीत बहुसंख्य माणसे स्वतःस बऱ्यापैकी ओळखतात असे आढळले. नवशिक्याचे अंदाज दोन्ही बाजूंस फार विखुरलेले असतात, आणि ज्ञान वाढते तसतसे ते खऱ्याभोवती गोळा होतात. म्हणून 'अडाणी तो गर्विष्ठच' हा निवाडा आम्हांस मान्य नाही. ज्यास कमी येते तो जसा फुगून चुकतो, तसा खचूनही चुकतो. आणि आमच्या या दोन तालुक्यांत, आम्ही जे पाहतो त्यावरून, खचून चुकणारेच अधिक आहेत.

याचे कारणही पाहण्यासारखे आहे. १९८१ साली ओला स्वेनसन यांनी वाहन चालविण्याच्या कौशल्याविषयी विद्यार्थ्यांस विचारिले, तेव्हा अमेरिकेतील शंभरांपैकी ९३ जणांनी आणि स्वीडनमधील ६९ जणांनी आपण निम्म्या लोकांहून सरस आहो असे सांगितले. हे सर्वांच्या बाबतीत खरे असणे शक्य नाही, हे उघड आहे. परंतु वर सांगितलेल्या क्रूगर यांनीच १९९९ साली असेही दाखविले की, काम अवघड असले की हिशेब उलटा होतो. सायकल चालविणे यांसारख्या सोप्या कामात माणूस स्वतःस इतरांहून सरस समजतो. आणि बुद्धिबळ किंवा संगणकाची आज्ञावली लिहिणे यांसारख्या अवघड कामात स्वतःस इतरांहून कमी समजतो. असे का व्हावे? कारण आपली अडचण आपणांस आतून दिसते, दुसऱ्याची दिसत नाही.

आमचे माजी विद्यार्थी मुरबाडहून एस्. टी. ने, किंवा आसनगाव, आटगाव, खर्डी या स्टेशनांवरून लोकलने कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयांत जातात. पहिल्या आठवड्यातील त्यांची अवस्था आम्हांस ठाऊक आहे. इंग्रजीतून व्याख्यान चालू आहे, फळ्यावर चिन्हे भराभर उमटत आहेत, आणि आपला विद्यार्थी मागच्या बाकावर मान खाली घालून मनाशी म्हणतो, 'हे आपले काम नव्हे.' शेजारचा शहरी मुलगा मान डोलावीत असतो. त्यालाही काही कळलेले नसते. पण मान डोलावण्याची सवय त्यास आहे, यास नाही. दिवाळीपर्यंत आपला विद्यार्थी परत येतो. बुद्धी मोजली गेली नाही, चाचणीचा एक कागदही हातात पडला नाही. केवळ दुसऱ्याच्या मान डोलावण्यावरून त्याने स्वतःची आणेवारी करून टाकिली. फुगलेल्या मुलास परीक्षा जमिनीवर आणते. पण खचलेला मुलगा परीक्षेस बसतच नाही, म्हणून त्याची चूक कधी उघडकीसच येत नाही. यास्तव ती अधिक घातक आहे असे आम्ही म्हणतो.

परंतु जे रोज अभ्यास करितात त्यांची तरी नजर खरी असते काय? येथे एक सूक्ष्म फसगत आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ती समजून घ्यावी. धडा एकदा वाचला, दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचताना वाक्ये ओळखीची वाटू लागली. मन म्हणते, 'आला!' वास्तविक धडा आलेला नसतो, फक्त ओळखीचा झालेला असतो. बाजारात रोज दिसणारा माणूस आपणांस ओळखीचा वाटतो, पण त्याचे नाव-गाव विचारले तर सांगता येत नाही. तसाच हा प्रकार. गाईडातील उत्तर डोळ्यांपुढे असताना ते सोपे वाटते. गाईड मिटले की कागद कोरा राहतो. मोबाईलवर कोणी उदाहरण सोडवून दाखविताना पाहिले, तरी हीच गोष्ट घडते.

रोएडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली हे मापून दाखविले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार पाळ्या पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकच पाळी वाचला आणि पुढील तीन पाळ्या पुस्तक न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारा गट पुढे होता. पण आठवड्यानंतर वाचणाऱ्यांच्या लक्षात शंभरांपैकी सुमारे ४० भाग राहिले, आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ६१. याहून बोधप्रद गोष्ट अशी की, 'आठवड्याने किती आठवेल?' असे आधी विचारले असता अधिक भरवसा वाचणाऱ्यांनाच वाटत होता. ज्यांचे पीक कमी येणार होते त्यांनीच नजर आणेवारी जास्त सांगितली! त्यांस कोणी गर्विष्ठ म्हणणार नाही. ते मेहनती होते. फक्त त्यांनी विळा लावून पाहिला नव्हता.

आता कसोटीवर स्वतःस तोलणाऱ्या एका शिक्षकाची गोष्ट सांगतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. हे गाव तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हा ते त्यात गेले. कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यास झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत आपला कसारा घाट ओलांडून पलीकडे असलेल्या देवळालीस शाळामास्तर राहिले. त्यांच्यापाशी गणितातील वरची पदवी नव्हती, आणि येथील पंडितांनी त्यांच्या आकडेमोडीची फारशी दखलही घेतली नाही. दुसऱ्यांच्या मानण्यावर त्यांनी स्वतःची किंमत ठरविली असती, तर ते स्वस्थच बसले असते. परंतु गणितात एक मोठी सोय आहे : उत्तर बरोबर की चूक, हे सांगावयास साहेब लागत नाही.

त्यांचा ६१७४ हा अंक आमच्या वाचकांनी स्वतःच तपासावा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नसावेत. समजा, १९४७ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून ९७४१, चढत्या क्रमाने १४७९, वजाबाकी ८२६२. पुन्हा तसेच : ८६२२ वजा २२६८, बरोबर ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, बरोबर ६१७४. येथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येईल; आणि कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत येथेच पोचाल. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर गेले. परंतु १९७५ साली ६१७४ अधिक खरा झाला नाही. तो आधीपासून तितकाच खरा होता. जगाची स्तुती आणि जगाची उपेक्षा, दोन्ही नजर आणेवारीच होत.

दुसरे उदाहरण याच वाटेवरचे, नाशकाजवळच्या जलालपूरचे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ सालचा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर घरी. त्यांच्या तरुणपणी कोणी विचारले असते की, ही बाई मराठीत ग्रंथ लिहील काय, तर त्या काळच्या किती शहाण्यांनी होकार दिला असता? त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायन' काव्याचे साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. मुलाच्या आग्रहावरून लिहिलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने निघू लागली, आणि मराठी आत्मचरित्रांत त्यांस अग्रस्थान मिळाले. त्यांनी लेखणी हाती घेऊन पाहिली, म्हणून हे कळले. जिने कधी लेखणी घेऊन पाहिलीच नाही, अशा एखाद्या बाईत काय होते, हे मात्र आता कोणासही सांगता यावयाचे नाही.

येथे एखादा वाचक आक्षेप घेईल : 'तुम्ही मुलांस सारखे माप घ्यावयास सांगता, पण माप कमी भरले तर बिचारा खचेल. त्यापेक्षा त्यास थोडे फुगवून सांगितलेले काय वाईट?' हा आक्षेप दयाळू आहे, पण त्यात एक घोटाळा आहे, आणि आमच्या सर्व म्हणण्याचे मर्म तेथेच आहे. आणेवारी पिकाची असते, जमिनीची नसते. यंदा सहा आणे पीक आले म्हणून कोणी शेतकरी जमीन विकून गाव सोडीत नाही. राब नीट भाजला होता काय, लावणीस उशीर झाला काय, पाणी वेळेवर मिळाले काय, याचा तो विचार करितो, आणि पुढच्या मृगाची वाट पाहतो. चाचणी परीक्षेत तीस गुण पडले, याचा अर्थ त्या महिन्यात त्या धड्यांचे तेवढे पीक आले, एवढाच. 'मी ढ आहे' हे वाक्य त्यातून निघत नाही. ते जमिनीविषयीचे वाक्य आहे, आणि जमिनीचा कस एका हंगामात कळत नसतो. उलट एका वर्षी सोळा आणे पिकले म्हणून पुढच्या वर्षी न नांगरता पिकेल असेही नाही. पीक आणि जमीन यांतील हा फरक ज्यास समजला, त्यास खरा आकडा ऐकण्याचे भय राहत नाही. आणि ज्यास भय नाही तोच खरे माप घेऊ शकतो.

आता पालकांस दोन शब्द. दहावीचा निकाल लागतो तेव्हा आमच्या गावांतून पुष्कळ घरी एक निवाडा होतो : कोणी पुढे शिकावे आणि कोणी थांबावे. मुलाविषयी म्हणतात, 'तो करील काहीतरी'. मुलीविषयी म्हणतात, 'तिला झेपायचे नाही.' पालकहो, हा निवाडा कशावरून झाला? तिचे गुण आपण विषयवार पाहिले काय? तिच्या शिक्षकांस भेटून विचारले काय? पाणी भरून, धाकट्यांस सांभाळून, चार मैल चालून तिने जे गुण मिळविले, ते मोकळा वेळ असलेल्या भावाच्या गुणांशी तोलून पाहिले काय? पैशाची अडचण असेल तर ती अडचण म्हणून सांगावी. तिच्यावर उपायही शोधता येतात. परंतु अडचणीस बुद्धीचे नाव देऊन मुलीच्या माथी मारू नये. ती ते खरे मानते, आणि जन्मभर खरे मानून चालते.

उलट बाजूचीही एक चूक आहे. मूल वरच्या वर्गात गेले म्हणजे त्यास खालचे सर्व आलेच, असे आपण धरून चालतो. मुंबईत १९९५ साली सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था २००५ पासून देशभर ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी करीत आली आहे. कार्यकर्ते घरी जातात आणि मुलापुढे वाचनाचा कागद व गणिताचे उदाहरण ठेवितात. २०२३ सालची पाहणी २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची होती. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यास आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सहज वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागणे शंभरांपैकी सुमारे ४३ जणांसच जमले. हीच खरी पीककापणी! आणि ती करावयास आपण स्वतः शिकलेले असण्याची गरज नाही. ज्या आईस अक्षर येत नाही, तिलाही मूल अडखळते की सरळ वाचते, हे कानाने कळते. रोज संध्याकाळी पाच मिनिटे मुलास धडा मोठ्याने वाचावयास सांगावे, मग पुस्तक मिटवून 'आता त्यात काय होते ते मला समजावून दे' असे म्हणावे. ज्यास समजावता आले त्यास ते आले.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांकरिता उपाय याहूनही सोपा आहे. एका वहीत दोन रकाने आखा. परीक्षेचा कागद दिल्यावर, घरी पोचण्यापूर्वीच, 'मला इतके गुण पडतील' असा आकडा पहिल्या रकान्यात लिहा. उत्तरपत्रिका परत मिळाली की खरे गुण दुसऱ्या रकान्यात लिहा. ही वही कोणास दाखवू नका. मात्र पहिला आकडा मागाहून खोडू नका. दहा-बारा ओळी झाल्या म्हणजे तुमच्या नजरेचा दोष तुम्हांसच दिसेल. कोणाचा अंदाज भूगोलात वर जातो आणि गणितात खाली. कोणाचा सगळीकडेच दहा गुणांनी कमी पडतो. ज्यास आपला काटा किती सरकलेला आहे हे कळले, त्यास तो सुधारता येतो. दुसरे असे की, अभ्यासाची शेवटची पायरी नेहमी कोऱ्या कागदाची असावी, उघड्या पुस्तकाची नव्हे. तिसरे, गुरुजनांस 'मी कसा आहे?' असे विचारू नका. त्याचे उत्तर स्तुती किंवा निंदा हेच येणार. 'माझी कोणती पायरी चुकली?' असे विचारा. त्याचे उत्तर उपयोगी पडते. आणि चौथे, वर्गात समजले नाही तर हात वर करा. तुमचा हात वर गेला की आणखी पाच हात वर जातील. मग आजूबाजूच्या डोलणाऱ्या मानांचा खरा अर्थ तुम्हांस कळेल.

आमच्या शाळेतून यंदा जे बाहेर पडतील, त्यांतील कोणी कचेरीत जातील, कोणी कारखान्यात, कोणी रुग्णालयात, कोणी पुन्हा शेतात. कोठेही गेले तरी त्यांच्याविषयी अंदाज सांगणारे पुष्कळ भेटतील; काही भरभरून सांगतील, काही नाक मुरडून. ते सर्व शांतपणे ऐकून घ्यावे, आभार मानावेत, आणि मग आपल्या वहीतील दुसरा रकाना पाहावा. तोही अपुरा वाटला, तर राब भाजावा, आणि पुढच्या हंगामाची तयारी करावी.